इस्तंबूलचा ग्रँड बाजार: दिवे, चिनी माती आणि गालिचे घेण्याआधी

इस्तंबूलच्या ग्रँड बाजारात, तिथले लोक ज्याला कपालीचार्शी म्हणतात त्या छपराखालच्या बाजारात, अगदी वाईट माल थोडा आहे, सामान्य माल मात्र उदंड. साठेक गल्ल्या, सुमारे 4000 दुकानं, आणि मोठ्या वाटांवरच्या दर दहापैकी बऱ्याच दुकानांत तेच दिवे, त्याच वाट्या, तेच उशांचे अभ्रे. पुरवणारे घाऊक व्यापारी तेच असल्यावर दुसरं काय होणार? त्यामुळे दिवे आणि बारीकसारीक भेटवस्तूंसाठी इथे भाव काढावा, नजर तयार करावी आणि खरेदी शक्यतो बाहेर करावी. गालिचे, जुनी चांदी आणि हाताने रंगवलेली चिनी माती यांसाठी मात्र पाय दुखेपर्यंत फिरण्यात अर्थ आहे.

ट्रामच्या टी-1 मार्गावर बेयाझित थांब्याला उतरलं की बाजाराचं पश्चिमेचं दार जवळ. चेंबर्लिताशला उतरलात तर नुरुओस्मानिये मशिदीकडून आत शिरता येतं. या दोन दारांना जोडणारा कल्पाकचिलार हा रस्ता सोनारांचा. तो ओलांडून सरळ मधल्या जवाहिर बेदेस्तेनकडे जावं. 1453 साली शहर जिंकल्यानंतर ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदने काही वर्षांतच उभारायला घेतलेला हा बाजाराचा मूळ गाभा. जाड भिंती, घुमटांचं छत, आणि आत जुन्या वस्तू, चांदी, घड्याळं. बाजार सोमवार ते शनिवार, साधारण सकाळी 8:30 ते संध्याकाळी 7 पर्यंत उघडा असतो. रविवारी आणि ईदच्या सुट्टीत बंद. प्रवेशाला पैसे नाहीत. सकाळी लवकर गेलेलं बरं: दुपारी पर्यटकांचे जथे येतात आणि दुकानदाराला चार वस्तू नीट दाखवायलाही फुरसत नसते.

सगळ्यांची नजर आधी जाते ती रंगीत काचांच्या दिव्यांवर. फुगवलेल्या काचेच्या गोळ्यावर काचेचे कापलेले तुकडे आणि मणी चिकटवतात, मधल्या फटी प्लास्टरसारख्या लगद्याने भरतात आणि वरचा भाग पुसून घेतात. दोष नेमके याच क्रमात राहतात. लगदा घाईत भरला असेल तर केसाएवढ्या भेगा दिसतात आणि कडेचे तुकडे सुटू लागतात. नखाने हळूच रेटून बघा; तुकडा हलला तर तो दिवा परत ठेवा. स्वस्त दिव्यांत काचेऐवजी प्लॅस्टिकचे मणी असतात: ते हाताला गार लागत नाहीत आणि प्रकाशात खोल रंग देत नाहीत. काही ठिकाणी साध्या काचेवर नुसता रंग मारलेला असतो, तो कडेला नख लावलं की निघतो.

दुकानात शेकडो दिवे एकदम पेटलेले असतात, त्यामुळे एकट्या दिव्याचा रंग कळतच नाही. आजूबाजूचे बंद करून तोच एक लावून दाखवायला सांगा. हे कुणीही करून देतं. घरी पिवळसर प्रकाशाचा एलईडी बल्ब वापरा. तारेचा जुना बल्ब गोळा तापवतो आणि गोंद सैल करतो. धातूच्या अंगाच्या बहुतेक दिव्यांत दोनच तारा असतात, अर्थिंग नसतं. ते इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्यावं. बल्बचा आट्यांचा होल्डर ई-14 (लहान) आहे की ई-27 (मोठा) हे तिथेच विचारा. टेबलावरचा वाकड्या मानेचा दिवा असेल तर सपाट जागी ठेवून बोट लावा, डुलला तर बैठक हलकी आहे. पाच-सात गोळ्यांचं झुंबर घेणार असाल तर जोडलेल्या अवस्थेत फोटो काढा आणि सुटे भाग मोजून डब्यात भरून घ्या. साखळीची एक कडी कमी पडली तरी सगळं तिरकं लटकतं.

चिनी मातीच्या बाबतीत आधी एक काम करावं. मिसीर चार्शी या मसाल्यांच्या बाजाराजवळ, दुकानांच्या वरच्या मजल्यावर रुस्तम पाशा मशीद आहे. ऑटोमन वास्तुशिल्पी मिमार सिनानने सोळाव्या शतकात बांधलेली, आतून इझनिक गावच्या चिनी मातीच्या फरशांनी मढवलेली. तिथला लाल रंग जवळून पाहा: पिकल्या टोमॅटोसारखा आणि झिलईखाली किंचित उचललेला. लोहयुक्त माती जाड थरात लावल्याने तो उठाव येतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की बाजारातल्या 'इझनिक'चा निवाडा सोपा होतो. इझनिकची भट्टी सतराव्या शतकाच्या अखेरीस थंडावली; पुढे परंपरा कुताह्या शहराने चालवली आणि आजचा बराच माल तिथलाच आहे. त्यात कमीपणा काही नाही, फक्त भाव त्या हिशोबाने द्यावा.

तीन दर्जे सरसकट मिसळून ठेवलेले असतात. सर्वांत खालचा छापील: एकाच नक्षीच्या दोन ताटल्या शेजारी ठेवल्या की प्रत्येक पाकळी तंतोतंत जुळते. मधला हाताने रंगवलेला: रेषेची जाडी कमी-जास्त, पाठीमागे बहुधा रंगवणाऱ्याची सही. वरचा क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या भुकटीचा. त्याच्या अंगात मातीपेक्षा क्वार्ट्झ कितीतरी जास्त, पांढरेपणा खोल, आणि किंमत कित्येक पट, कारण भाजताना बरेच नग तडकतात. ठिपक्याठिपक्यांनी उठावदार केलेल्या भडक वाट्या शोभेच्याच समजा. त्यात आंबट पदार्थ ठेवू नये. जेवणासाठी हवं असेल तर शिसं नसलेली झिलई आहे का, हे विचारूनच घ्या.

गालिच्यांत पाठ सांगते ते तोंड सांगत नाही. उलटा करा: नक्षी मागेही तितकीच स्पष्ट हवी आणि झालर ही उभ्या ताण्याचीच टोकं हवीत, नंतर शिवलेली नव्हे. तुर्की गाठ दुहेरी असते, त्यामुळे पाठीवर एका गाठीचे दोन उंचवटे शेजारी-शेजारी दिसतात. काही विक्रेते उंचवटे मोजून दाखवतात आणि घनता आपोआप दुप्पट होते! स्वतः मोजा: आडव्या 1 सेंटीमीटरमधले उंचवटे मोजून निम्मे करा, उभ्या ओळी मोजा, दोन्हींचा गुणाकार करा. हेरेके गावचा नावाजलेला रेशमी गालिचा सेंटीमीटरला 10 × 10 गाठींचा, म्हणजे चौरस मीटरला 10 लाख गाठी. हा आकडा लक्षात ठेवला की 'हेरेकेसारखा' या शब्दाची किंमत कळते.

चमकणारा प्रत्येक गालिचा रेशमाचा नसतो. मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चमक आणलेल्या सुताचे कायसेरी शहराचे गालिचे आणि व्हिस्कोस या कृत्रिम रेशमाचे 'बांबू सिल्क' खूप विकले जातात. सुटा धागा मागून जाळून बघा: लोकर आणि रेशीम केस जळाल्यासारखे वास देतात आणि राख चुरते, सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात, सिंथेटिकची कडक गोळी होते. ओल्या पांढऱ्या रुमालाने लाल आणि निळा भाग घासा, रंग उतरत नाही ना ते कळतं. किलीममध्ये, म्हणजे गाठींशिवाय सपाट विणलेल्या गालिच्यात, रंग बदलतो तिथे उभ्या फटी असतात, ती विणच तशी आहे. फाटलंय म्हणून भाव पाडायला गेलात तर हसं होईल. ईशान्य कोपऱ्यातल्या झिंजिर्ली हान या जुन्या सराईच्या अंगणात गर्दीपासून दूर, शांतपणे गालिचे उलगडून बघता येतात.

जुनं म्हणून विकलं जाणारं काहीही घेताना बिलावर वय आणि वर्णन लिहून घ्या. तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर नेणं गुन्हा आहे, आणि जुन्या गालिच्यासाठी संग्रहालयाचा दाखला विक्रेत्याने द्यायला हवा. तो देता येत नसेल तर गालिचा एकतर जुना नाही किंवा नेता येणार नाही.

तांब्याच्या भांड्यांसाठी खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आहे. कॉफीचं जेझवे वापरायचं असेल तर आतून कल्हई हवी. लाखेचा चकचकीत लेप दिलेली भांडी फक्त शोभेची.

भावाचं बोलायचं तर पाट्या बहुधा नसतात आणि पर्यटकाला पहिला आकडा युरो किंवा डॉलरमध्ये येतो. लिरामध्येच सांगायला लावा, नाहीतर विनिमयात आणखी एक नफा निघतो. चहा प्यायलात म्हणून घ्यावंच लागेल असं नाही, पण घ्यायचं नसेल तर भाव बोलू नका. बोललेला आकडा मान्य झाल्यावर मागे फिरणं तिथे वाईट दिसतं. रस्त्यात गोड बोलून 'माझ्या भावाच्या दुकानात' नेणाऱ्याचं कमिशन बिलातूनच जातं. दिवे आणि नजरबट्टूच्या काचा हव्या असतील तर महमूतपाशाच्या उताराने एमिनोनूकडे उतरत जावं, भाव पायरीपायरीने खाली येतात. रविवारी अडकलात तर मिसीर चार्शी उघडी असते.

मोठी खरेदी असेल तर करपरताव्याचा फॉर्म दुकानातच भरून घ्या, पासपोर्ट लागतो. माल तीन महिन्यांच्या आत देशाबाहेर जायला हवा आणि विमानतळावर सामान देण्याआधी सीमाशुल्काच्या काउंटरवर दाखवून शिक्का घ्यायला हवा. गालिचा एकदा चेक-इन झाला की शिक्का मिळत नाही.