रूट १ वरचं जुनं डायनर: आठ महिन्यांनंतर

१९९९ च्या उन्हाळ्यात मी वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागल्यावर संगणकांची तारीख चुकू नये म्हणून चाललेल्या, कामासाठी न्यू जर्सीत आले. कोबॉल या जुन्या संगणक-भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये जिथे साल दोन आकडी असेल तिथे ते चार आकडी करायचं. चाचण्या रात्रीच घ्याव्या लागत, कारण दिवसा मशीन मोकळं नसे. पहाटे दोनला सुटल्यावर आमच्या वाटेवर उघडं असायचं ते एवढंच, रूट १ च्या कडेचं हे स्टीलचं डायनर, म्हणजे साधं अमेरिकी उपाहारगृह. गेल्या ऑक्टोबरात पुन्हा याच भागात राहायला आले आणि तेव्हापासून जवळजवळ दर शनिवारी तिथे जाते. पहिल्या दिवशी लिहायला बसले असते तर नुसतं गहिवरून लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले.

आत पाऊल टाकलं की मला तेव्हाही डेक्कन क्वीनची डायनिंग कार आठवायची. त्याला कारणही आहे. जुनी डायनरं जागेवर बांधलेली नसत. पॅटरसनला सिल्क सिटी, एलिझाबेथला जेरी ओमाहोनी असे त्यांचे कारखानेच जर्सीत होते. तयार डबा रस्त्याने किंवा रेल्वेने आणून पायावर बसवायचे, म्हणून त्याची रुंदी जेमतेम डब्याएवढी. इथेही मागे नंतर वाढवलेला हॉल आहे, पण बसायचं ते पुढच्या मूळ भागात, काउंटरपाशी. तिथून तवा दिसतो.

कॉफी साधीच, थोडी पातळ. पण कप अर्धा झाला की न विचारता भरतात आणि तासभर बसलात तरी कुणी बिल पुढे सरकवत नाही. परक्या देशात नव्याने आलेल्या मुलीला याचं किती मोल होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. होम फ्राइज उत्तम: बटाट्याला कडेने खरपूस रंग, कांदा जळू न देता परतलेला. ऑम्लेट दर वेळी सारखंच लागत नाही. रविवारी अकरानंतर गर्दीत ते कोरडं होतं, तेव्हा जाऊ नका.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. अंडी, बटाटे आणि बेकन एकाच तव्यावर होतात. डिस्को फ्राइजवरची (चीज आणि ग्रेव्ही घातलेले तळलेले बटाटे) ग्रेव्ही आणि फ्रेंच ओनियन सूप बहुधा बीफच्या स्टॉकमधलं असतं. विचारलं तर वेट्रेस सरळ सांगतात. बटाटे वेगळ्या पॅनमध्ये करून द्याल का, असं मी विचारलं, तेव्हापासून माझे बटाटे तसेच येतात, पुन्हा सांगावं लागलं नाही.

बूथच्या गाद्या नव्या आहेत, टेबलावरचे छोटे ज्यूकबॉक्स, नाणं टाकून गाणं लावायचे, गेले. त्याचं मला फार वाटत नाही.

वाटतं ते रात्रीचं. १८७२ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्सला वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर घोडागाडी लावून रात्री काम करणाऱ्यांना खायला विकायला सुरुवात केली, तिथून डायनरची परंपरा धरतात. म्हणजे या जागेचा जन्मच रात्रपाळीसाठी झाला. २०२० च्या साथीनंतर इथलं चोवीस तास उघडं राहणं संपलं. माणसं मिळत नाहीत, असं वेट्रेस म्हणाली. फेब्रुवारीत नुआर्क विमानतळावरून दीड वाजता येताना सवयीने गाडी आत वळवली. लाल निऑन विझलेलं, काउंटरवर खुर्च्या उलट्या. मी इंजिन बंद न करता थोडा वेळ तशीच बसून राहिले.

आता मी शनिवारी सहाला, दार उघडताना जाते. हिवाळ्यात तेव्हा बाहेर काळोखच असायचा. काउंटरच्या टोकाला रात्रपाळी उरकून आलेल्या दोन नर्स असतात. मध्ये दोन स्टुलं सोडून मी बसते, आणि कॉफी आधी त्यांना ओततात.