लातूरच्या प्रवेश-फॉर्मसाठी सीएसएस: थेट नवं, उलगडून जुनं, की साध्यावर नवं?

लातूरच्या एखाद्या क्लासच्या प्रवेश-फॉर्मचं सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप आणि मांडणी ठरवणारा कोड, लिहायला घेतलं असेल, तर तो कुठे उघडणार ते आधी बघा. देवणी, अहमदपूर, उदगीरकडची पोरं मोबाईलवर अर्धा भरतात आणि फोटो-सही चढवायला नेट कॅफे गाठतात. तिथे विंडोज ७ चे संगणक अजून आहेत. त्यांच्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, आणि ती आवृत्ती जानेवारी २०२३ ची. इंटरनेट एक्सप्लोरर मात्र खुशाल सोडा. मायक्रोसॉफ्टनेच १५ जून २०२२ ला त्याचा आधार काढला.

थेट नवं, म्हणजे सीएसएसच्या ताज्या सोयी तशाच वापरून, लिहिण्यात वेग आहे. पण टेलविंड या तयार सीएसएस-संचाची चौथी आवृत्ती क्रोम १११ पासून पुढे मागते. नियमात नियम लिहिण्याची सोय, म्हणजे नेस्टिंग, क्रोममध्ये ११२ ला आली. दोन-तीन आवृत्त्यांनीच हुकतं, तरी पोराचा फॉर्म अडतो.

दुसरा मार्ग म्हणजे नवं लिहून पोस्टसीएसएस या रूपांतर करणाऱ्या साधनाकडून जुनं करून घेणं. नेस्टिंग तो छान उलगडतो. त्याच्या ऑटोप्रीफिक्सर या जोडणीवर मात्र भलताच भरवसा ठेवतात लोक. तो सोयीच्या नावापुढे ब्राउझरचा उपसर्ग (-webkit- असा) लावतो. ब्राउझरमध्ये नसलेली सोय आणून देत नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात पटतो: साधं आधी, नवं त्यावर. ब्राउझरला जी ओळ कळत नाही ती तो सोडून देतो. म्हणून आधी साधा हेक्स रंग (# लावून लिहिलेला कोड), खाली ओकेएलसीएच, म्हणजे रंग लिहिण्याची नवी पद्धत. १०९ पहिला घेईल, नवा ब्राउझर दुसरा. ग्रिड, म्हणजे रांगा-स्तंभांत मांडणी करण्याची सोय, २०१७ पासून आहे, ते बिनधास्त वापरा.

पण व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन साठवलेलं मूल्य, आलं की हा नियम फसतो, आणि इथेच मी स्वतः दोन दिवस घालवले. ओकेएलसीएच रंग व्हेरिएबलमध्ये असेल तर जुना ब्राउझर तो वापरणारी ओळ वाचताना मान्य करतो, तिच्यासाठी वरची साधी ओळ टाकून देतो, आणि रंग काढायच्या वेळी त्याला आतलं मूल्य कळत नाही. दोन्ही ओळी गेल्या! माझ्या ‘अर्ज सादर करा’ बटणाची पार्श्वभूमी गेली, पांढरी अक्षरं पांढऱ्या पानावर राहिली. पोरांना बटण दिसेचना. उपाय असा: व्हेरिएबलमध्ये मुळात हेक्सच ठेवा, आणि ‘सपोर्ट्स’च्या अटीत, म्हणजे ब्राउझरला ते कळत असेल तरच, त्याच व्हेरिएबलला नवा रंग द्या.

तेव्हा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल ही पानं तिसऱ्या मार्गाने करा. वेळ कमी असेल तर दुसरा मार्ग चालेल, फक्त ब्राउझरच्या यादीत क्रोम १०९ नावानिशी घाला. क्लासच्या ऑफिसातले हजेरी-फीचे पडदे त्यांच्याच नव्या संगणकांवर चालणार असतील, तर तिथे थेट नवं लिहा. हातचा वेळ त्या फॉर्मला द्या.