अकरा महिने वापरलेला पहिला कॅमेरा आणि चिपळूणचा पाऊस

गेल्या वर्षी गणपतीआधी जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतला. एपीएस-सी सेन्सर (उजेड टिपणारा भाग, जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान), 24 मेगापिक्सेल, सोबत दोन लेन्स: 18-55 एमएम (जवळच्या, रुंद दृश्यांसाठी) आणि 70-300 एमएम (लांबचं जवळ आणणारी). घरात प्रत्येकाची मागणी वेगळी: आईला गौरीची आरास, लेकीला नाचाचे फोटो, मला खाडीवरचे बगळे. म्हणून दोन लेन्सचा संच.

पहिले तीन महिने 18-55 वर माझा राग होता. आरतीच्या वेळी 55 वर ती एफ/5.6 च्या पुढे उघडतच नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), टाळ वाजवणारे हात नुसते पुसट. शेवटी जुनी 50 एमएम एफ/1.8 घेतली. जवळजवळ दहापट उजेड! पण या लहान सेन्सरवर ती 75 एमएमसारखी वागते, म्हणजे दृश्याचा कमी भाग पकडते, त्यामुळे आमच्या माजघरात भिंतीला पाठ लावूनही सगळी आरास मावत नाही. तिथे परत 18 च लागलं. त्या लेन्सला मी उगाच नावं ठेवली.

खरं दुखणं जुलैत कळलं. 70-300 मधून बगळे धुरकट दिसायला लागले, विशेषतः उजेडाकडे तोंड करून काढले की. मागून मोबाईलची बॅटरी मारून पाहिलं, तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी! दुरुस्तीवाल्याने साफसफाईचा जो आकडा सांगितला, त्यात तसलीच दुसरी जुनी लेन्स येते. वरून 'परत येणार नाही याची खात्री नाही' हेही ऐकवलं. फार जीव जळला.

चूक माझीच. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या कापडी बॅगेत भरून सगळं कपाटात ठेवलं होतं. त्या कपाटात आर्द्रतामापक ठेवला तर आकडा 86 टक्के! आता चकल्यांचा हवाबंद डबा आणि निळे सिलिका जेल (ओल शोषणारे खडे). आकडा 45 च्या आसपास राहतो. खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात गरम करते, पुन्हा निळे होतात. सगळा खर्च पाचशेच्या आत. हे आधी केलं असतं तर लेन्स वाचली असती.

कोकणात पहिला कॅमेरा घेणाऱ्यांनी मेगापिक्सेलचा घोळ घालण्याआधी हा डबा आणावा. जुनी लेन्स घेताना दुकानातच बॅटरी मारून आरपार बघावं, मी ते केलं नव्हतं.

यंदाचा गणपती 18-55 आणि 50 वरच. 70-300 वेगळ्या डब्यात ठेवली आहे, टाकून द्यायला मन होत नाही.