सराफ बाजारालगतचं चष्म्याचं दुकान, जळगाव: कारागिरांनी नंबर इथे काढावा

मी सोन्याचा कारागीर, साखळ्या आणि गळ्यातल्या पोती जोडतो. पंचेचाळिशी ओलांडली. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं बघायला त्याला फुगता येत नाही. कडी झाळताना दोन टोकं मिळाली की नाही, हेच मला कळेना. आधी दुसरीकडे चष्मा केला होता, त्यातून पेपर लख्ख दिसायचा, कडी नाही.

इथल्या भाऊंनी पहिलंच विचारलं, "काम किती लांब धरता?" मला चिमटा धरायला लावला आणि टेपने मोजलं. २५ सेंटीमीटर! वाचायचा नंबर सहसा ४० सेंटीमीटर धरून काढतात. हिशोब असा: १०० ला अंतराने भागायचं. ४० ला अडीच नंबर लागतो, २५ ला चार. डोळ्याची स्वतःची जी ताकद उरली असेल, तिच्यातली आरामात वापरता येईल तेवढी त्यातून वजा. पेपरचा चष्मा कामाच्या पाटावर का चालत नव्हता ते कळलं. मी प्रोग्रेसिव्ह काच (एकाच काचेत लांबचं-जवळचं दोन्ही) मागितली तर नको म्हणाले. तिच्यात जवळचं दिसायची जागा खाली आणि अरुंद असते, दिवसभर मान वर करून काम करावं लागलं असतं. महागाची वस्तू नाकारणारा दुकानदार बाजारात किती सापडतो, तुम्हीच सांगा भो.

पण पाच स्टार आईमुळे. सत्तरीची आई अचानक बिनचष्म्याने सुई ओवायला लागली. गल्लीभर कौतुक! फक्त लांबची माणसं ओळखू येईनात, समोरून गाडी आली की लाइट फाकायचा, निळा दोरा ती काळा म्हणायची. मला वाटलं, काच बदलली की झालं. नंबर खरंच उणेकडे सरकला होता, तरी भाऊंनी काच विकली नाही. मोतीबिंदूत भिंगाचा गाभा घट्ट झाला की प्रकाश जास्त वाकतो, त्यामुळे जवळचं काही काळ फुकटात दिसतं, पुढे तेही धूसर होतं. "मावशी, हा नंबर टिकायचा नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा." आई म्हणे, "मंग आते सुई बी गयी का?" डॉक्टरांकडे मोतीबिंदूच निघाला.

तक्रारीही आहेत. फ्रेमा जुनाट. काच सांगितलेल्या दिवशी आली नाही, फोनही आपणच करायचा. संध्याकाळी गर्दीत जाऊ नका, तपासणी उरकल्यासारखी होते; सकाळी दुकान उघडताच गाठा. कामाच्या चष्म्यातून समोरचं गिऱ्हाईक धुरकटच दिसणार, तेव्हा तो कपाळावर सरकवायची सवय करून घ्या. आणि एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यावर जो अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) लागतो, तो वाचायला १० पटीचं भिंगच हवं. मी त्याच्यासाठीही चष्मा मागितला, तर भाऊ हसले आणि तेवढ्या कामाला पैसे घालवू नका म्हणाले.