अगत्तीच्या वाळूवरचं ‘गेट नंबर २’

आधी फसवणुकीत गेलेला आकडा सांगून टाकते, म्हणजे माझा जीव मोकळा होईल: सत्तावीस हजार दोनशे. त्यातले माझे फक्त तीन हजार चारशे. बाकीचे भिशीच्या सात जणींचे, आणि ते गोळा करून पाठवले मी.

आमची भिशी पार्ल्यातली. यंदा ठरलं की भांडी-साड्या पुरे, मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला जायचं. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे तिथले फोटो आल्यापासून आमच्या ग्रुपवर त्या निळ्या पाण्याचे व्हिडिओ फिरत होतेच. जहाजाची तिकिटं आम्ही थेट कंपनीकडून काढली, त्यात काही घोळ झाला नाही. घोळ झाला तो किनाऱ्यावरच्या पाच-सहा तासांचा.

जहाज लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाला थांबतं तेव्हा उतरून काय करायचं, याचे पैसे तिकिटात धरलेले नसतात. त्याला ते शोअर एक्सकर्शन म्हणतात आणि ते वेगळं घ्यावं लागतं. काचेच्या तळाची बोट, स्नॉर्केलिंग, कयाक, जेवण असं सगळं धरून जहाजवाले माणशी साडेचार हजार सांगत होते. दिवाळीच्या प्रदर्शनात कंदील आणि उटण्याच्या मधोमध एका ट्रॅव्हल एजंटचा स्टॉल होता. तो म्हणाला, “तेच सगळं दोन हजार नऊशेत देतो, वर स्कूबा फ्री. जहाजवाले कमिशन खातात हो मॅडम.” सोळाशे रुपये वाचतायत म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही. वर माणशी पाचशे ‘परमिट प्रोसेसिंग’चे. लक्षद्वीपला बाहेरच्या प्रत्येकाला, आपल्यालाही, प्रवेश परवाना लागतो हे खरंच आहे. पण त्याचे फॉर्म जहाज कंपनीने आमच्याकडून आधीच भरून घेतले होते, आणि आठही फॉर्म मीच भरले होते, माझ्याच हाताने! तरी दिले.

पैसे यूपीआयने पाठवताना समोर भलत्याच बाईचं नाव आलं. “मिसेसचं खातं आहे, जीएसटीची कटकट नको,” तो म्हणाला. मला ते घरगुती वाटलं. आता हसू येतं.

तीन दिवसांनी आठ कुपनं कुरिअरने आली. लॅमिनेट केलेली, माडाचं चित्र, खाली क्यूआर कोड. ‘रिपोर्टिंग: गेट नंबर २, सकाळी ९.’ मी ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि सगळ्यांना बजावलं, हरवू नका.

मुंबई सोडली की जवळपास दीड दिवस नुसतं पाणी. फोनला रेंज नाही, जहाजाचं वायफाय महाग म्हणून कुणीच घेतलं नव्हतं. अगत्तीच्या सकाळी आम्ही टोप्या, सनस्क्रीन, कोरडे कपडे घेऊन खालच्या डेकवर रांगेत. जहाज किनाऱ्याला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आहे, आतलं पाणी उथळ. त्यामुळे ते बाहेर खोल समुद्रात उभं राहतं आणि लहान बोटी बाजूला येऊन माणसं नेतात. त्या दारातून खाली बघितलं तर बोट हातभर वर, हातभर खाली होत होती. दोन खलाशी दंडाला धरून बरोबर वर आली त्या क्षणाला माणसाला आत घेत होते.

दारातल्या मुलाच्या हातात टॅब होता. त्याने हिरवा रिस्टबँड मागितला. मी फोल्डर पुढे केला. त्याने एक कुपन उलटं-सुलटं केलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, ये हमारा नहीं है.” मागच्या तरुण मुलाने आपल्या फोनवर तो क्यूआर कोड स्कॅन केला. उघडलं काय, तर एजंटशी व्हॉट्सअ‍ॅपवर चॅट करा, एवढंच. तेही रेंज आल्यावर.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बोटीत चढायचं जहाजवाल्यांच्या यादीवरून. बाहेरच्या माणसाच्या कुपनावर त्या दारातून पाऊल टाकताच येत नव्हतं, मग पलीकडे कुणी उभं असो वा नसो. मुंबईतून जहाजाच्या हेल्पलाइनला एक फोन करून “दुसऱ्याचं कुपन चालतं का?” एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता.

काउंटरवर पाचच जागा उरल्या होत्या. पाच जणींनी पुन्हा साडेचार हजार भरले. मी आणि आणखी दोघी वर डेकवर बसलो. समोर पांढऱ्या वाळूची रेघ, माडांची गर्दी, आणि मध्ये पाणी एकदम गडद निळ्यातून पोपटी होतं ती कडा. कुणी मला बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पाच जणी उन्हाने लाल होऊन परत आल्या. कासव दिसलं होतं, ट्यूना खाऊन झाला होता. आमच्यातल्या मोठ्या काकूंनी मुद्दाम बोटवाल्याला गेट नंबर २ विचारलं होतं. त्याने दोन्ही बाजूंच्या वाळूकडे बघितलं आणि विचारलं, “गेट?”

मुंबईत उतरताच एजंटला फोन लावला. आवाज शांत. “कुपनच्या मागे वाचा मॅडम. समुद्र खवळला, बोटी सुटल्या नाहीत, तर रिफंड नाही.” समुद्र खवळलाच नव्हता, म्हटलं. फोन कट. याचा धंदा कसा चालतो ते मला त्या वाक्यात कळलं. लाटा जास्त असल्या तर जहाज माणसं उतरवतच नाही, तसंच पुढे जातं. अशा फेरीत त्याचं कुपन कुणी दाखवायलाच जात नाही, आणि लोक नशिबाला बोल लावून गप्प बसतात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पलीकडच्या बाईने पहिलाच प्रश्न केला, पैसे कधी गेले? पाच आठवडे झाले होते. पैसे लगेच पुढे वळवले जातात, तासाभरात कळवलं तर ते मध्येच अडवता येण्याची शक्यता बरी असते, ती म्हणाली. तक्रारीची प्रत एजंटला पाठवल्यावर आठ हजार परत आले, पुन्हा तिसऱ्याच नावाच्या खात्यावरून. ते मी सगळ्यांत वाटले, माझा वाटा न घेता.

एक गोष्ट राहिली. स्टॉलवर त्याने आम्हाला आधीच्या ग्रुपांचे फोटो दाखवले होते, हसणाऱ्या बायका, हात वर केलेल्या. आता आठवतं, सगळे फोटो मुंबईतल्याच, बॅलार्ड इस्टेटजवळच्या क्रूझ टर्मिनलवरचे होते, सामानाच्या ट्रॉल्यांसकट. वाळूवरचा एकही नव्हता. निघायच्या दिवशी त्याचा मेसेज आला होता, “मॅडम, जहाजात चढण्याआधी ग्रुप फोटो पाठवा ना.” मी पाठवला होता.

परवा त्याच्या स्टेटसवर आम्ही आठही जणी होतो. मी मधोमध, फोल्डर छातीशी धरून.