टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर की स्कॅनर? गाडीच्या वायरिंगमधला दोष शोधताना

एक इंडिकेटर लागत नाही, एकच फ्यूज सारखा उडतो, सकाळी बॅटरी उतरलेली असते, नाहीतर डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागून राहतो. चारही तक्रारी वायरिंगच्या असू शकतात, पण चारहींना एकच हत्यार चालत नाही. घरच्या गाडीसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर डिजिटल मल्टिमीटर घ्या. मात्र सोबत वायरी जोडलेला १२ व्होल्ट, २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब हवाच. त्याशिवाय मीटर अर्धाच कामाचा.

कारण मीटर फसवतो. त्याचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे मोजताना तो करंट जवळपास ओढतच नाही. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच तार शिल्लक असली, तरी टोकाला मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो. आपण म्हणतो, ‘करंट येतोय, दिवाच खराब असेल.’ त्याच जागी २१ वॉटचा बल्ब लावला की तो पावणेदोन अँपिअर मागतो. कुजलेली वायर तेवढा देऊ शकत नाही आणि बल्ब मिणमिणतो. करंट पोचतो का, हे मीटर सांगतो. पुरेसा पोचतो का, हे बल्ब सांगतो.

ओहम मोजूनही हा दोष सापडेलच असं नाही. हेडलाईटच्या वाटेत अर्ध्या ओहमचा गंज असला तर ६० वॉटच्या बल्बला सुमारे २ व्होल्ट कमी मिळतात आणि उजेड स्पष्टपणे कमी पडतो. पण साध्या मीटरच्या प्रोबच्या, म्हणजे मोजायच्या टोकदार सुयांच्या, वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो, त्यात हा अर्धा ओहम हरवून जातो. म्हणून मीटर वापरायचा तो दिवा चालू ठेवून, व्होल्टेज कुठे गळतं ते मोजायला.

पद्धत अशी. दिवा लावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा प्रोब दिव्याच्या सॉकेटमधल्या प्लसवर. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष प्लसच्या वाटेत, म्हणजे स्विच, रिले, फ्यूजची पकड किंवा जोड यांपैकी कुठेतरी. मग काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर आणि लाल दिव्याच्या अर्थच्या (गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परतणाऱ्या वाटेच्या) पिनवर ठेवा. इथे ०.१ व्होल्टच्या आत असायला हवं. ०.२ च्या वर गेलं की अर्थचा बोल्ट उघडा. पत्रा चकाकेपर्यंत घासा, रिंग टर्मिनल साफ करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. कोकणात आणि गोव्यात खारी हवा आणि पावसाळा मिळून हे बोल्ट आणि कनेक्टर खातात. टर्मिनलवर हिरवी पूड दिसली की गंज वायरीच्या आतही शिरलेला असतो. अशी वायर तांबं लालसर दिसेपर्यंत मागे कापावी लागते.

मागच्या दिव्यांवर हे फार स्वच्छ दिसतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लागतो, पार्किंगचा दिवा लावला की ब्रेकचा दिवा फिका पडतो. बल्ब बदलून काही होत नाही. त्या दिव्यांच्या खोक्याची अर्थ गेलेली असते आणि करंट शेजारच्या बल्बमधून परतीची वाट शोधत असतो.

फ्यूज उडत असेल तर मात्र मल्टिमीटर बाजूला ठेवा. इथे बल्बच श्रेष्ठ. त्या फ्यूजवर चालणारी सगळी उपकरणं काढून ठेवा किंवा त्यांचे कनेक्टर सोडवा, आणि फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा. बल्ब पूर्ण पेटला तर वायर बॉडीला टेकलेली आहे. आता हार्नेस (वायरींचा जुडगा) थोडा थोडा हलवत जा: दाराच्या रबरी नळीपाशी, डिकीच्या बिजागरीपाशी, उंदरांनी कुरतडलं असेल तिथे. ज्या जागी हात लागताच बल्ब विझतो, शॉर्ट तिथेच. बल्ब करंट पावणेदोन अँपिअरवर रोखतो, त्यामुळे शोधताना वायर जळत नाही आणि फ्यूजही वाया जात नाहीत. १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २० चा पिवळा ठोकण्याचा ‘उपाय’ कुणी सुचवला तर ऐकू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

बल्बची मर्यादाही तितकीच पक्की आहे. इंजिनच्या ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) जाणाऱ्या ५ व्होल्टच्या सेन्सर वायरींवर तो लावायचा नाही. साधा टेस्ट लॅम्पसुद्धा (वायर तपासायचा छोटा दिवा) तिथे नको, तो ५ वॉटचा असला तरी ०.४ अँपिअर ओढतो आणि ईसीयूचं सर्किट बिघडवू शकतो. तिथे फक्त मल्टिमीटर. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला तर बल्ब नाही आणि मीटरही नाही. ओहम मोजताना जाणारा करंटसुद्धा तिथे धोक्याचा.

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. त्याच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. तो सर्किट सांगतो, वायर सांगत नाही. पी०३३५ कोड आला की क्रँक सेन्सर मागवला जातो, पण कोडचा अर्थ ‘त्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड’ एवढाच आहे. पिन सैल असेल, अर्थ गेली असेल, वायर घासली असेल. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतो. एबीएस, एअरबॅग आणि बॉडीसाठी त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर लागतो. मागचा इंडिकेटर किंवा हॉर्न बंद असेल तर स्वस्त स्कॅनरचा उपयोग जवळपास शून्य.

पण त्याचा लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणीचे आकडे, खरोखर कामाचा आहे. पी०११८ हा कूलंटच्या तापमान सेन्सरचा कोड आहे आणि कूलंटचं तापमान उणे ४० अंश दिसतंय, म्हणजे सर्किट तुटलेलं आहे. दोन वायरींच्या या सेन्सरचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा. आकडा एकदम वर उडाला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर बदला. उणे ४० वरच राहिला तर वायर किंवा कनेक्टर शोधा. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी. तीन वायरींच्या सेन्सरवर करू नका.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) सोपा पडतो, फक्त एसी मोजणारा घेऊ नका. तो नसेल तर मल्टिमीटरने भागतं. बॉनेट उघडा, पण कुलपाचा खटका स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडीला ते मिटल्यासारखं भासवा. गाडी लॉक करून ४० मिनिटं थांबा, तोपर्यंत गाडीतले कॉम्प्युटर झोपतात. मग मिलिव्होल्टवर प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टिकल्यांना प्रोब लावा. शून्य आलं तर त्या सर्किटमधून काही जात नाही. आकडा आला तर तिथून करंट चालू आहे. फ्यूज न उपसता हे करायचं, कारण उपसून परत बसवला की झोपलेला कॉम्प्युटर जागा होतो आणि पुन्हा ४० मिनिटं थांबावं लागतं.