पॉडकास्ट ऐकावा की व्याख्यानाला जावं?

आंब्याच्या हंगामात मांगरात बसून पेट्या भरताना हात गुंतलेले असतात, कान रिकामे. तिथे पॉडकास्टला तोड नाही. बीबीसीचा ‘इन अवर टाइम’ हा रेडिओ कार्यक्रम १९९८ पासून सुरू आहे, पॉडकास्ट म्हणूनही मिळतो. तीन अभ्यासक, एक विषय, जेमतेम पाऊण तास. विज्ञानाचे एपिसोडही ढीगभर, आणि सगळं फुकट. इंग्रजी उच्चार कानाला बसायला मात्र थोडे दिवस जातात. आणि पावसात वीज गेली की पाठोपाठ रेंजही जाते, म्हणून चार एपिसोड आधीच डाउनलोड करून ठेवायचे.

व्याख्यान तुमच्या सवडीने होत नाही. वेळासचा कासव महोत्सव नेमका काजू-आंब्याच्या धांदलीत येतो. वाळू जास्त तापली तर अंड्यांतून माद्या जास्त निघतात, हे मी कानाला इअरफोन लावून कितीदा तरी ऐकलं होतं. पण समोर पिल्लू समुद्राकडे सरपटत असताना तेच ऐकलं, तेव्हा कुठे ते डोक्यात बसलं.

म्हणून व्याख्यान सरस? मलाही तसंच वाटायचं, विजयदुर्गाला जाईपर्यंत. किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’जवळ, म्हणजे ग्रहण बघायच्या चौथऱ्यांजवळ, वक्त्याने रंगवून सांगितलं, की १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने हेलियम वायू इथेच शोधला. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पुढे एका पॉडकास्टने माझे कान उपटले. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. सूर्याच्या वर्णपटातली, म्हणजे प्रकाश फाकवल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातली, हेलियमची पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. ग्रहण पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियर विजयदुर्गाला आला हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, म्हणजे त्याच्याही आधी. (१८६८ चं ग्रहण होतं १८ ऑगस्टला. ऐन पावसाळ्यात इथे सूर्य बघायला साहेब कशाला येईल, एवढं तरी आम्हा कोकण्यांना सुचायला हवं होतं!)

पुढच्या वेळी त्याच वक्त्याला हात वर करून विचारलं. तो जरा गडबडला, मग हसला, आणि नंतर अर्धा तास आम्ही तटावर बसून वर्णपटावरच बोलत होतो. पॉडकास्टला हात वर करून अडवता येत नाही.

एकटे असाल आणि तपशिलाची हौस असेल, तर पॉडकास्ट. घरात पोरं असतील तर व्याख्यान, भले अर्धा दिवस जावो. फक्त कडेच्या खुर्च्या धरा. आभार लांबले तरी शेवटची एसटी चुकत नाही.